कोपऱ्यातला खड्डा

४ मार्च, नांदेड

जोशी सरांकडे गेले. निवृत्त मास्तर, गणिताचे. अर्धापूर रस्त्याला प्लॉट घेऊन ठेवलाय, आता घर बांधायचंय. चार ठेकेदार बघून झाले, मी पाचवी. दार उघडल्यावर सर माझ्या मागे बघत होते, खरा ठेकेदार गाडी लावून येतोय की काय म्हणून. म्हटलं, "मीच."

आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं. सांगितलं. चहा आला, त्यांच्या कपांसारख्याच कपात. एवढं मी बघतेच, सवय जात नाही. काकू कमी बोलतात. पण नकाशा सगळा वेळ त्यांच्याच हातात होता.

लातूरला बिल्डरकडे सहा वर्षं साइट सांभाळली, हे सांगून झालं. सर म्हणाले, "ते दुसऱ्याचं झालं. तुमचं स्वतःचं काय?"

स्वतःचं म्हणजे दोन कंपाउंड, एक वरचा मजला. बाकी बाबांनी बांधलेली घरं. पायापासून छतापर्यंत माझ्या नावावर एकही नाही. हे मिळालं तर पहिलं. मिळावं असं फार वाटतंय, लिहून ठेवते.

५ मार्च

बाबांना सांगितलं. डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून ते साइटवर येत नाहीत आता, पण लोकांना मी अजून "किसन मिस्त्रीची करुणा"च. म्हणाले, "कागदं नको दाखवू. रीत सांग त्यायला."

रीत म्हणजे खड्ड्याची. आपल्याकडे काळी माती, उन्हाळ्यात फाटते, पाऊस पडला की फुगते. पाया त्या मातीत राहिला तर वर सोन्याचं बांधा, हलणारच. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. आणि बाबांची रीत अशी की प्रत्येक खड्डा झाला की घरमालकानं चपला काढून आत उतरायचं, स्वतःच्या हातानं पहार मारायची. मातीत पहार मुकी जाते. मुरुमावर टण्ण वाजते, हाताला झिणझिण्या येतात. मालकानं "वाजला" म्हटल्याशिवाय किसन मिस्त्रीचं काँक्रीट पडत नसे. निम्मी कामं त्यांना या एका गोष्टीवर मिळाली.

९ मार्च

सरांना रीत सांगितली. एकदम खूश. "म्हणजे पडताळा! उत्तर बरोबर आलं की नाही ते विद्यार्थ्यानं स्वतः बघायचं!" काकू म्हणाल्या, "बायका उतरतात का?" म्हटलं, अजून कुणी उतरलेली नाही. पण उतरायला हरकत काय.

मग सरांनी मुद्द्याचं काढलं. "एखादं दहा वर्षं जुनं घर दाखवा. नवं काय, सगळ्यांचंच छान दिसतं." हुशार माणूस. मी लोह्याच्या मारोतरावांचं नाव घेतलं. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी घर बांधलं. बाबांची जाहिरात ते फुकटात करतात, येईल-जाईल त्याच्याजवळ.

घरी बाबा म्हणाले, "मारोतरावाचंच कशाला? लांब पडंल त्यायला. दुसरं दाखव." लोहा काय लांब! तासाभराचा रस्ता. नवल वाटलं.

१५ मार्च

लोह्याला जाऊन आलो. सरांच्या गाडीतून, मी मागे.

मारोतरावांनी दारातच सुरुवात केली. "बारा खड्डे होते सर. अकरा खड्ड्यात मी सोता उतरलो. बाराव्याला गुडघ्यानं जवाब दिला. मी वर बाजेवर बसलो आन् म्हणलं, मिस्त्री, माझ्या जागी तुमीच उतरा. उतरला की माणूस! खालून आवाज दिला, वाजला मालक! असा मिस्त्री दिव्वा घेऊन हुडका, सापडंल का?" त्यांच्या घरच्यांनी बासुंदी केली होती. सर भिंतींवर बोटं वाजवत फिरत होते, तोंडावर समाधान. मला वाटलं, झालं काम.

काकू एकट्याच मागच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. धान्याचे पत्र्याचे ड्रम, त्यांच्या पलीकडे खिडकी, खिडकीखाली शाळेची पुस्तकं ठेवलेलं टेबल. खिडकीच्या कोपऱ्यातून तडा, तिरका, वर छताकडे गेलेला. माझं नख आत गेलं.

मारोतराव मागून म्हणाले, "ते काय न्हाई ओ. उन्हाळ्यात फाकतंय, दिवाळीला मिटतंय. दरसाल रंग मारून घेतो."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "प्लास्टरचा आहे. वरवरचा."

किती पटकन म्हटलं. श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाही.

निघताना मारोतरावांनी नेहमीसारखी बियांची पुडी दिली, बाबांच्या कुंड्यांसाठी. या वेळी दोडका.

१६ मार्च

उन्हाळ्यात उघडणारा आणि पावसानंतर मिटणारा तडा प्लास्टरचा नसतो. डिप्लोमाच्या पोरालाही कळतं. तो कोपरा मातीवर उभा आहे.

बाराव्या खड्ड्याचा कोपरा.

घर काही उद्या पडणार नाही. पण कोपरा दरवर्षी थोडा खाली जातोय, थोडा वर येतोय, आणि त्या खोलीत मारोतरावांची नात अभ्यास करते, तिथंच झोपते. टेबल खिडकीखालीच होतं. बघितलंय मी.

१७ मार्च

बाबांना सरळ विचारलं. "लोह्याचा बारावा खड्डा वाजला होता का?"

उठले, कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं.

२० मार्च

तीन दिवस बाबा जेवण्यापुरतं बोलतात. मी नव्या मोंढ्याकडे रहीमचाचांना गाठलं. तीस वर्षं बाबांचे खड्डे चाचांनीच खोदले. विचारलं तर पहारेचं टोक दगडावर घासत बसले. मग म्हणाले, "मिस्त्री को पूछ बेटी. मैं खोदनेवाला."

खोटं बोलायचं नव्हतं त्यांना. खरंही नाही. एवढ्यावरून कळलंच.

२१ मार्च

बाबांनी आज सकाळी आपणहून सांगितलं. मी भाजी निवडत होते. समोर येऊन बसले.

"दसऱ्यानंतर खोदणारी टोळी ऊसतोडीला निघून गेली. शेवटचा खड्डा मी आन् रहीम दोघांनी घेतला. पाच फुटावर बी मातीच. मिक्सर येऊन उभा. मारोतराव वरून म्हणला, मिस्त्री, काय म्हणतोय मुरूम? मी पहार मारली. न्हाई वाजली. परत मारली. मग म्हणलो, वाजला मालक."

मी विचारलं, का बाबा? काही अडचण होती का? आई आजारी होती तेव्हा? काहीतरी कारण मिळावं असं वाटत होतं मला.

"न्हाई. कारण काय न्हाई. थकलो होतो. आन् तो वरून बघत बी नव्हता."

मेथी तशीच राहिली. राग आला, लई आला. त्यांच्या हातांकडे बघितलं की जातो, आणि पुन्हा येतो.

२४ मार्च

सरांचा फोन. "ठरलं बरं का. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन. तुमच्या त्या मारोतरावांनी पटवलं आम्हाला." मी "हो सर, हो सर" करत राहिले. फोन ठेवल्यावर पेढे आणायला निघाले, चौकापर्यंत जाऊन परत आले.

बाबांना सांगितलं, काम मिळालं. म्हणाले, "चांगलं झालं." दोघंही एकमेकांकडे न बघता.

२७ मार्च

मनात सारखा हिशोब. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नाही. मारोतरावांकडे पुढच्या वर्षी रंगाच्या निमित्तानं जाऊन तडा भरून येता येईल. जाळी मारून प्लास्टर केलं तर तीन-चार वर्षं दिसणारसुद्धा नाही. सरांचं घर मी नीट बांधीनच, मुरूम लागेपर्यंत जाईन. कुणाचं नुकसान?

मग नातीचं टेबल आठवतं. आणि हेही आठवतं की सरांच्या खड्ड्यात मी त्यांना सांगणार, मारा पहार, ऐका. आणि ते ऐकण्याआधी माझ्या तोंडाकडे बघणार. सगळे बघतात. आवाज कसा असतो हे मालकाला कुठं माहीत असतं? मिस्त्रीच्या तोंडाकडे बघूनच तो "वाजला" म्हणतो. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

२ एप्रिल

लोह्याला एकटी गेले, स्कूटीवर. मारोतराव दुकानात. गिऱ्हाईक जाईस्तोवर थांबले, मग सांगितलं. बाराव्या खड्ड्याचं, तड्याचं, आणि मी त्या दिवशी वरवरचा म्हटलं त्याचंही.

ते बियांच्या पिशव्या रचत होते. रचतच राहिले. त्यांच्या घरच्या आतून ऐकत होत्या. "म्हणून दरसाल फाकून राहिलं व्हय ते," म्हणाल्या, एवढंच.

शेवटची पिशवी रचून मारोतराव बोलले. "मेव्हण्याला सांगितलं मी मिस्त्रीचं नाव. साडूला सांगितलं. त्या मास्तराला परवा सांगितलं. माझ्या जागी उतरला म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, "तुमचा कोपरा खोलून पाया मुरुमापर्यंत नेऊन देतो. आमच्या खर्चानं. पावसाच्या आत."

"ते तर करावंच लागंल." मग म्हणाले, "तू आलीस पोरी. तो का न्हाई आला?"

रस्त्यापर्यंत सोडायला आले नाहीत. पुडी नाही दिली.

५ एप्रिल

जोशी सर. आज न जाता फोनवर सांगावं असं दहादा वाटलं. गेले.

सगळं ऐकून सरांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही त्या दिवशी आमच्यासमोर खोटं बोललात."

"हो सर."

"आणि तुमच्या वडिलांची रीतही खोटी."

अकरा खड्डे खरे होते, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. अकरा बरोबर आणि बारावं चूक म्हणजे गणिताच्या मास्तरांना काय सांगायचं!

काकू म्हणाल्या, "तड्याचं मला तेव्हाच पटलं नव्हतं. तुम्ही फार लवकर उत्तर दिलंत."

सर म्हणाले, विचार करून कळवतो. विचार करून कळवतो म्हणजे काय ते ठेकेदाराला सांगावं लागत नाही. परत येताना अर्धापूर नाक्यावर केळीच्या गाडीमागे अर्धा तास अडकले. रडले. हेल्मेट होतं, बरं झालं.

१४ एप्रिल

जयंती. काम बंद. गल्लीत सकाळपासून निळे झेंडे, स्पीकर, खीर. बाबा पांढरे कपडे घालून विहारात गेले, वंदना झाली, लगेच परत आले. दरवर्षी दुपारपर्यंत लोकांत बसतात. पंचशीलातलं चौथं शील म्हणताना आवाज निघाला नाही म्हणाले. खोटं न बोलण्याचं.

मी जवळ बसले फक्त.

१८ एप्रिल

बाबा घरात नाहीत. शेजारी म्हणाले, सकाळच्या लोह्याच्या एसटीत बसताना बघितलं. डोळ्यांना पाटी वाचता येत नाही, कंडक्टरला विचारत गेले असणार.

चारला आले. चेहरा उन्हानं काळवंडलेला. तांब्याभर पाणी प्यायले. मग तुकड्या-तुकड्यानं सांगितलं.

"दुकानाम्होरं उभा राहिलो. म्हणलो, मारोतराव, न्हाई वाजला होता. तो म्हणला, ठाऊक हाय, पोरीनं सांगितलं. म्हणलो, मी सांगाया आलो."

"मग?"

"पाणी दिलं. बसा म्हणला न्हाई." मग, "म्हणला, पाया खोलाल तवा मी उतरणार. गुडघं मोडलं तरी चालंल. आता तुमच्या तोंडावर न्हाई सोडणार, म्हणला."

हे सांगताना बाबांचा खालचा ओठ हलत होता. बाप असा बघवत नाही.

२३ एप्रिल

कुणाचा फोन नाही. अक्षय्य तृतीयेला सरांच्या प्लॉटवर भूमिपूजन दुसऱ्या कुणी केलं की काय, बघायला मुद्दाम तिकडून गेले. काही नव्हतं. बाभळीची झुडपं, आणि जमीन भेगाळलेली, पाऊल आत जाईल एवढी. किती खोल माती असेल इथं? अंदाज नाही. शेजारच्या बंगल्याचा वॉचमन म्हणतो, सहा फुटाला मुरूम. वॉचमन लोकांना सगळं माहीत असतं!

२८ एप्रिल

काकूंचा फोन. सरांचा नाही, काकूंचा.

"एक खड्डा खणून दाखवा. काम दिलं असं समजू नका. यांना दुसऱ्या एकानं सांगितलंय, पाच फुटांत पाया होतो, एवढं खोल जायची गरज नाही म्हणून. यांना ते पटत चाललंय. सहा फुटांपर्यंत मुरूम लागला तर तुमच्याशी पुढे बोलू, असं म्हणतात ते."

"आणि नाही लागला तर?"

"तर माहीत नाही. मी उतरणार आहे. साडीचं काय करायचं ते सांगा."

म्हटलं, काकू, सलवार असेल तर घाला.

बाबांना विचारलं, येता का? नाही म्हणाले. रहीमचाचा येतो म्हणाले.

२ मे, अर्धापूर रस्ता

सकाळी सहालाच सुरू केलं, ऊन चढायच्या आत. चाचा आणि त्यांचा भाऊ. पहिले तीन फूट काळीभोर, ढेकळं दगडासारखी. मग जरा ओल. साडेनवाला सहा फूट. खाली पिवळट थर लागला. वरून बघणाऱ्याला मुरूमच वाटेल.

सर छत्री धरून काठावर. "रंग बदलला! लागला की!" हातातल्या टेपनं मोजलं. "बरोब्बर सहा!" त्यांना आनंद झाला होता, खरंच झाला होता. मलाही वाटलं, असू दे देवा— देव नाही मानत मी, तरी तोंडातून आलं.

काकू शिडीनं उतरल्या. त्यांच्या नातीचा सलवार कुर्ता असावा, आखूड होत होता. चपला वर काढून ठेवल्या. मी आधीच खाली. चाचांनी पहार त्यांच्या हातात दिली. जड वाटली त्यांना, पण सोडली नाही. दोन्ही हातांनी उचलून मारली.

आवाज आला. टण्ण नव्हे. मुकाही नव्हे. ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

"पुन्हा मारा," मी म्हटलं. मारली. तेच.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "वाजला का हो?"

चाचाही माझ्याकडे बघत होते. लोह्याच्या खड्ड्यातही ते असेच उभे असणार, बाबांकडे बघत. अकरा वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

वरून सर, "काय? लागला ना?"

या वेळी श्वास घेतला मी. पहार त्यांच्या हातून घेऊन एकदा स्वतः मारली, खात्री करायला. मग म्हटलं, "नाही वाजला, काकू."

"हे पिवळं?"

"ही माती आहे. कडक आहे, पण मातीच. फुगणार ही."

"मग अजून किती खाली?"

"माहीत नाही. आठ असेल, दहा असेल."

वर छत्री मिटल्याचा आवाज झाला. सर काहीतरी म्हणाले, मला नीट ऐकू आलं नाही. गाडीकडे गेले. काकू मात्र शिडीकडे वळल्या नाहीत. पहार चाचांना दिली आणि भिंतीला पाठ लावून एका बाजूला सरकून उभ्या राहिल्या, चाचांना हात फिरवायला जागा व्हावी म्हणून. कुर्त्याची पाठ सगळी मातीनं माखली.

अकरा वाजेपर्यंत सात फूट. मातीच. ऊन फार झालं, थांबवलं. सर तोवर गाडीत एसी लावून बसलेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

घरी आले. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"वाजला?"

"न्हाई वाजला."

"कोण म्हणलं?"

"मीच म्हणले."

बाबा उठले, चाचपडत आत गेले आणि तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "बस."

उद्या सहाला पुन्हा खोदायला घ्यायचंय. काकू येते म्हणाल्यात. सरांचं माहीत नाही.